निळं पाकीट

थोरली गेल्याला तीन आठवडे झाले होते. त्या दिवशी नानांनी आपली दाढी आपणच करायचा हट्ट धरला आणि वरचा ओठ कापून घेतला.

जावई कामावरून परतला तेव्हा बेसिनमध्ये गुलाबी पाणी तुंबलं होतं आणि नाना बाथरूमच्या दाराशी स्टुलावर तोंडाला टॉवेल दाबून बसले होते.

"फार नाही लागलं," ते टॉवेलाआडून म्हणाले. "थांबत नाहीये, एवढंच."

त्याने टॉवेल बाजूला केला. नाकाखाली ओठ तिरका फाटला होता, गालावर तीन-चार रेघा होत्या आणि हनुवटीखाली चार बोटं जागा तशीच राहिली होती. त्याने तुरटी लावली, दाबून धरलं. रक्त थांबायला वीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोघांत एक शब्द झाला नाही. घरात आता ते दोघंच होते आणि एकमेकांशी जे काही बोलायचं ते थोरलीमार्फत बोलायची दोघांनाही दहा वर्षांची सवय होती.

थोरली म्हणजे जावयाची बायको, नाना तिचे वडील. एकतीस वर्षं ते ब्लेडच्या कारखान्यात, धार तपासायच्या खात्यात होते. दिवसभर भिंगाखाली पाती धरायची, खराब निघालेलं बाजूला टाकायचं, हेच काम. निवृत्त झाले आणि काचबिंदूने दोन्ही डोळे हळूहळू खाऊन टाकले. बायको आधीच गेली होती, म्हणून थोरलीने त्यांना आपल्याकडे आणलं. उजेड-अंधार कळेनासा झाला तरी दाढी ते स्वतःच करत. थोरली शेजारी उभी राहून सांगायची, "डावीकडे नाना, अजून खाली, कानाजवळ राहिलंय." ती गेली आणि सांगणारं कुणी उरलं नाही.

"न्हाव्याला घरी बोलावू का?" जावयाने विचारलं.

"परक्या माणसाच्या हातात मान देणार नाही मी."

"मग मी करतो."

नानांनी टॉवेल मांडीवर ठेवला. "तू? तू तर तोंडावर यंत्र फिरवतोस. गवत कापल्यासारखं."

हे 'तू'सुद्धा नवीनच होतं. लग्नापासून नाना त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणत आले होते. हॉस्पिटलमध्ये थोरली गेल्याचं कळलं, त्या घटकेला ते 'तुम्ही' गळून पडलं आणि पुन्हा काही आलं नाही. ते जवळिकीने गळलं की रागाने, हे त्याला आजवर कळलेलं नव्हतं.

"शिकवा मला," तो म्हणाला.

"आधी स्वतःच्या तोंडावर शीक. मग माझ्याकडे ये."

रविवारी सकाळी धडा सुरू झाला. नाना दाराशी स्टुलावर, जावई आरशासमोर. रेझर नानांचाच होता. पितळेचा, जड, दांड्यावरचा मुलामा बोटांनी झिजून पिवळा पडलेला. त्याचे तीन भाग सुटे व्हायचे: वरची टोपी, मधली दातेरी पट्टी आणि दांडा.

"ब्लेड आखूड बाजूंनी उचल. लांब बाजूकडे बोट न्यायचंच नाही. बसलं का? आता दोन्ही बाजूंना धार सारखी डोकावतेय का बघ. एकीकडे जास्त दिसत असेल तर खोल आणि परत बसव."

"सारखीच आहे."

"नीट बघ म्हटलं."

त्याने नीट बघितलं. एका बाजूला केसभर जास्त होती. त्याने न बोलता खोलून परत बसवली. नानांना तेवढ्या खुडखुडीवरून कळलं आणि त्यांनी मान हलवली.

पुढचं सगळं नानांनी शब्दांत सांगितलं. आधी गरम पाण्याने तोंड धू आणि मिनिटभर तसंच ओलं राहू दे. ब्रशने फेस चढव, घाई नको. बोटाने चाचपून केस कुठल्या दिशेला आडवे पडतात ते बघ, पहिला हात त्याच दिशेने. मानेवर ते वाकडेतिकडे वाढतात, तिथे फसशील. टोपी गालाला टेकव, दांडा हळूहळू खाली आण, आवाज सुरू होईल तिथे थांब. तोच कोन. बोटभर लांबीचे हात, मग पाण्यात बुडव.

"आणि दाबू नकोस. रेझरला स्वतःचं वजन आहे, तेवढं पुरतं."

पण दाबायची त्याला खोडच होती. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पाना आवळायचा, वायररोप ओढायचा, जाम झालेलं दार खांद्याने रेटायचं, सगळी मदार जोरावर. पहिल्याच हाताला गालावर लाल रेघ उमटली. दुसऱ्याला हनुवटीचं टोक गेलं.

"दाबलंस," नाना म्हणाले.

"तुम्हाला कसं कळलं?"

"आवाज गेला ना. हलक्या हाताला खर्र येतं. दाबलं की मुकं होतं."

आठवडाभर तो तोंडावर कागदाचे चिटोरे चिकटवून कामावर जात होता. लिफ्टच्या मशिनखोलीत त्याच्या जोडीदाराने विचारलं, "मांजर पाळलंस की काय रे?" बाकीचे हसले, मग आठवण होऊन एकदम गप्प झाले. त्याची बायको नुकतीच गेलेली आहे, त्याच्याशी चेष्टा करावी की नाही, हे कुणालाच ठरवता येत नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात नानांनी ब्लेडचा विषय काढला. रेझर सगळे सारखेच, म्हणाले, फरक पात्यात असतो. आणि कुठलं पातं चांगलं हे कुणी कुणाला सांगू शकत नाही. कातडी, केस आणि हात या तिघांचं जमलं पाहिजे. नवशिक्याने मऊ पातं घ्यावं असं लोक म्हणतात, त्यात तथ्य नाही. बोथट पात्याने माणूस जोर लावतो आणि जोराने कापतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळी पाकिटं एकेक आण, प्रत्येकाच्या तीन-तीन दाढ्या कर, मग ठरवू.

त्याने चार पाकिटं आणली. लाल, पिवळं, हिरवं आणि पांढरं.

नानांनी चारी हातात घेऊन कागदाचा पोत चाचपला. "निळं नाही आणलंस?"

"संपलंय म्हणाला."

"निळं संपलं? ते तर तो खोक्याने ठेवतो."

"पुढच्या आठवड्यात येईल म्हणाला."

निळं पाकीट दुकानात होतं. काउंटरवर, काचेच्या बरणीला टेकवून, पाचपन्नास पाकिटांची चळत उभी होती. दुकानदाराने "नानांचं नेहमीचं?" म्हणून हातही घातला होता. जावयाने "ते नको" म्हटलं होतं, इतक्या जोरात की शेजारची बाई वळून बघायला लागली.

त्याचं कारण असं होतं. त्या संध्याकाळी तो आणि थोरली स्कूटरवरून घरी येत होते. त्याच्या कंपनीचा नियम होता, फोन वाजला की तिसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. लिफ्टमध्ये माणूस अडकलेला असतो. चौदा वर्षं तो नियम हाडात मुरला होता. फोन वाजला, त्याने एका हाताने काढून हेल्मेटमध्ये कानाशी सरकवला. कंपनीचा नव्हता. नाना होते. "येताना ब्लेड आणा," ते म्हणाले. "निळं पाकीट. मागच्यासारखं पिवळं आणू नका, ते फार तिखट असतं, जून कातडीला सोसत नाही." तो ऐकत होता. फोन घसरायला लागला म्हणून त्याने मान वाकडी केली. मान सरळ केली तेव्हा समोर टेंपोची मागची बाजू होती, वळणारी, आणि तिचा नारिंगी दिवा लुकलुकत होता.

शुद्ध आली ती हॉस्पिटलात. थोरली तेव्हा राहिली नव्हती. खाटेच्या पायथ्याशी तिची बहीण, धाकटी, भिंतीला डोकं टेकून उभी होती. नाना स्टुलावर बसून त्याच्या पायावर हात ठेवून होते. हवालदाराने वही उघडली आणि विचारलं, "फोनवर होतात का?"

नानांचा हात पायावर होता. "नाही," तो म्हणाला. "फोन आला होता, पण तो पेट्रोलपंपावर थांबून घेतला. नंतर अर्ध्या तासाने झालं हे. टेंपोवाला एकदम वळला. दिवा वगैरे काही दिला नव्हता."

हवालदाराने लिहून घेतलं. टेंपोवाल्याला त्या रात्रीच धरलं. महिन्याने तो जामिनावर सुटला, पण लायसन्स गेलं, मालकाने गाडी काढून घेतली, आणि खटला उभा राहिला. त्यात दिव्याबद्दल सांगणारा साक्षीदार एकच: जावई.

स्वतःला वाचवायला तो खोटं बोलला हे खरं होतं. नानांना वाचवायला बोलला हेही खरं होतं. यातलं आधी कुठलं, हे त्याने स्वतःला विचारून बघितलं होतं, आणि उत्तर दरवेळी आपल्याला सोयीचं येतं हे त्याच्या लक्षात आलं होतं.

चारी पाकिटांच्या दाढ्या झाल्या. नाना रोज सकाळी दाराशी बसून ऐकायचे आणि ब्लेड ओळखायचे. "आज पिवळं." "आज लाल, टाकून दे ते, घासतंय." शेवटी हिरवं ठरलं. महिन्यानंतर पहिल्यांदा नानांनी त्याच्यासमोर मान वर केली.

सैल कातडी, वळ्या पडलेली मान, गळ्याच्या घाटीजवळ हलणारी शीर. त्याने डाव्या हाताने कातडी ताणली आणि रेझर टेकवला. खर्र असा आवाज आला. नानांनी डोळे मिटले होते. मिटले काय नि उघडे काय, पण मिटले होते.

पांढरा फेस आणि पांढरे केस पाण्यात पडत राहिले. अर्ध्या तासाने नानांनी आपला हात तोंडावरून फिरवला, एकदा गालावर, एकदा उलटा मानेवर. "बरी झाली," म्हणाले. मग टॉवेल घडी करता करता सहज विचारावं तसं विचारलं, "माझा फोन झाल्यावर किती वेळाने झालं म्हणालास?"

"अर्ध्या तासाने, नाना."

"हं."

आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा तेच उत्तर. असं चार-पाच वेळा झालं. प्रत्येक वेळी दाढी झाल्यावर. दाढी चालू असताना नाना कधीच बोलत नसत. त्याला वाटायला लागलं, म्हाताऱ्याला विसर पडत असेल. मग वाटलं, विसर पडणारा माणूस शब्द न् शब्द तोच ठेवून विचारत नाही.

साक्षीच्या तारखेला नऊ दिवस होते तेव्हा एक बाई आली. रविवार होता. नानांच्या एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्यावर फेस होता. दार उघडंच होतं. तिने कडी वाजवली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. चाळिशीची असेल. तळहात पाण्याने सुरकुतलेले, पांढरेफटक.

"मी टेंपोवाल्याची बायको," ती म्हणाली. "कागदावर पत्ता होता तुमचा. भांडायला नाही आले."

जावई रेझर हातात घेऊन तसाच उभा राहिला. नाना म्हणाले, "आत या बाई."

"नको, इथूनच बोलते. तुमचं माणूस गेलंय, मला कळतं ते. मी त्याचं काही म्हणत नाही. फक्त एवढंच विचारायचंय." ती जावयाकडे बघत होती. "दिवा चालू होता की नव्हता? कारण ते शपथेवर सांगतात की दिला होता. मी चोवीस वर्षं बघतेय त्यांना. रिकाम्या मैदानात गाडी वळवतानासुद्धा दिवा देतात, लोक हसतात. आणि आता त्यांनाच शंका यायला लागलीय. विचारतात मला, मी दिला होता ना गं? मी काय सांगू? मी कुठे होते तिथे? तुम्ही होतात."

तिने तळहात पदराला पुसले.

"घरात बसून असतात. मी दोन इमारतींचे जिने पुसते, त्यावर चाललंय, ते चालेल. पण माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला तर त्याचं काय करायचं?"

"मला आठवत नाही," जावई म्हणाला. "डोक्याला मार लागला होता."

ती बघत राहिली. मग म्हणाली, "पण कागदात तर लिहिलंय, दिवा दिला नव्हता म्हणून."

तिने थोडी वाट बघितली, नानांना नमस्कार केला, जो त्यांना दिसणार नव्हता, आणि जिना उतरून गेली.

"पुढचं कर," नाना म्हणाले. "फेस वाळतोय."

त्याने ब्रश ओला करून फेस पुन्हा चढवला. जबड्याखाली कातडी ताणली, रेझर टेकवला. आवाज आला नाही. दुसऱ्या हाताला कातडी फाटली आणि फेसातून लाल धार मानेवर उतरली. नानांनी त्याचं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात इतका जोर असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

"रेझर खाली ठेव."

त्याने ठेवला.

"मी बोलत होतो ना तेव्हा?"

नळ ठिबकत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर उघडत होतं.

"हो," तो म्हणाला.

"मला वाटलंच. तू नेहमी शेवटी 'बरं नाना, ठेवतो' म्हणतोस. त्या दिवशी म्हणाला नाहीस. आवाज झाला आणि बंद पडलं. मी म्हटलं, रेंज गेली असेल." त्यांनी मनगट सोडलं नव्हतं. "दिवा होता?"

"होता. चालू होता. मी बघितला."

नानांनी मनगट सोडलं. चेहऱ्यावरचा फेस हातानेच निपटून काढला, रक्तासकट, आणि हात मांडीवर तसाच ठेवला.

"काय आणायला सांगितलं होतं मी? निळं की पिवळं?"

"निळं."

"डबीत दोन शिल्लक होती," नाना म्हणाले. "दोन होती रे. आठ-दहा दिवस निघाले असते आरामात. उगाच केला फोन. बसलो होतो रिकामा, म्हटलं, करावा."

जावई खाली फरशीवर बसला. त्याला रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. नानांनाही आलं नाही. एका बाजूने गुळगुळीत, एका बाजूने पांढऱ्या खुंटांचा, तो चेहरा भिंतीकडे वळलेला होता आणि मानेवरचं रक्त सदऱ्याच्या कॉलरमध्ये जिरत होतं. तुरटी लावायला तो उठला तर नाना म्हणाले, "राहू दे. हात लावू नकोस."

पुढचे आठ दिवस नाना त्याच्याशी बोलले नाहीत. तो ताट वाढून ठेवी, ते खोलीत बसून जेवत. अर्धी दाढी तशीच वाढत गेली, एका गालावर पुढे, एकावर मागे. आठव्या संध्याकाळी ते भिंतीला हात लावत बाहेर आले.

"उद्या तारीख आहे ना?"

"हो."

"काय सांगणार आहेस?"

"खरं ते. पण फोन कुणाचा होता ते सांगायचं कारण नाही. कंपनीचा होता म्हणतो."

"पुन्हा खोटं?"

"तुमचं नाव कशाला त्यात, नाना? लोक काय म्हणतील? धाकटी काय म्हणेल?"

"धाकटीला जे म्हणायचं ते म्हणू दे." ते खुर्ची चाचपून बसले. "भिंगाखाली चांगली धार दिसत नाही, काळी रेघ असते नुसती. जिथे मोडलेली असते तिथे चमकते. एकदा चमकलेली दिसली की ती डबीत जाऊ द्यायची नाही, मग साहेब ओरडो नाहीतर कोणी. मी येतो उद्या. माझा फोन होता हे मीच सांगेन."

कोर्टात नानांना कुणी बोलावलं नाही. साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. ते मागच्या बाकावर हातात काठी धरून बसून राहिले. जावई पिंजऱ्यात उभा राहिला आणि आपला आधीचा जबाब खोटा असल्याचं म्हणाला. सरकारी वकिलाने कागद चाळायचे थांबवले. न्यायाधीशांनी त्याला सावध केलं, की तुम्ही जे बोलताय त्याचे परिणाम तुमच्यावर होतील. तो म्हणाला, "माहीत आहे." मग सगळं सांगितलं: फोन, हेल्मेट, वाकडी मान, नारिंगी दिवा. फोन कुणाचा होता असं विचारल्यावर तो अडखळला. मागून नानांचा आवाज आला, "माझा." शिपायाने त्यांना गप्प बसवलं.

धाकटीही आली होती. ते ऐकून ती उठली आणि बाहेर निघून गेली.

टेंपोवाला महिन्याभरात सुटला. जावयावर वेगळा खटला झाला. गुन्हा त्याने कबूलच केला होता, म्हणून फार वेळ लागला नाही. सहा महिन्यांची शिक्षा झाली. कंपनीने त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला. तो तुरुंगात जाण्याच्या आदल्या दिवशी धाकटी नानांना न्यायला आली. तिने कपाट उघडून नानांचे कपडे पिशवीत भरले, औषधं भरली, जावयाकडे एकदाही बघितलं नाही. नाना दारात थांबले. दाढी आता गळ्याशी आली होती. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं असं वाटलं, पण धाकटीने दंड धरला आणि ते जिन्याकडे वळले.

सहा महिन्यांनी तो सुटला. घर होतं तसंच होतं, वर धूळ. त्याला एका लहान ठेकेदाराकडे जुन्या लिफ्टांना तेलपाणी करायचं काम मिळालं. पहिल्या सुट्टीच्या दिवशी तो भाजीबाजारामागच्या टेंपो अड्ड्यावर गेला आणि विचारत विचारत टेंपोवाल्यापर्यंत पोचला.

टेंपोवाला पुढची काच पुसत होता. ठेंगणा, टक्कल पडलेला माणूस. त्याने ओळखलं, पण पुसायचं थांबवलं नाही.

"माफी मागायला आलो," जावई म्हणाला.

"बरं."

"तुम्ही जे काही म्हणाल..."

"मी काय म्हणणार?" टेंपोवाल्याने फडकं पिळलं. "गेलं ते वर्ष गेलं. तुम्ही खरं बोललात, तेही उशिरा बोललात. दोन्ही आहे." त्याने काचेवरून पुन्हा फडकं फिरवलं. "तुम्हाला शुद्ध कधी आली?"

"हॉस्पिटलात."

"म्हणजे तुम्हाला काहीच माहीत नाही."

"काय?"

"मी गाडी उभी करून मागे पळत आलो. तुम्ही उताणे पडला होतात. बाई फुटपाथला टेकून बसली होती, बसल्यासारखीच. बाहेरून काही दिसत नव्हतं, मला वाटलं वाचली. पाणी मागितलं. लोक म्हणाले, देऊ नका, अशा वेळी देत नाहीत. मी दिलं. माझ्या गाडीतली बाटली होती. दोन घोट प्यायली. अजून वाटतं मला, द्यायला नको होतं की काय."

जावयाने टेंपोच्या फाळक्याला हात टेकवला.

"तुमच्याकडे बघून विचारलं, हे कसे आहेत? मी म्हटलं, ठीक आहेत, श्वास चालू आहे. मग म्हणाली, नानांना कुणी सांगू नका एवढ्यात, घाबरतील. मला काय माहीत नाना कोण. मला वाटलं, लहान मुलगा असेल घरी. म्हटलं, नाही सांगत. मग डोकं माझ्या खांद्यावर टाकलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत तशीच होती. केव्हा गेली ते मला कळलं नाही. हे सगळं मी पोलिसांना सांगितलं होतं. ते म्हणाले, याचा केसशी संबंध नाही."

कुणीतरी भाडं आलं म्हणून हाक मारली. टेंपोवाल्याने फडकं सीटखाली टाकलं आणि आत चढला. "तुम्हाला सांगावंसं वाटत होतं," तो खिडकीतून म्हणाला, "पण तुमचं तोंड बघायची इच्छा नव्हती." आणि गाडी काढली.

जावई तिथून सरळ धाकटीच्या घरी गेला. दीड तास चालत. दार तिनेच उघडलं आणि त्याला बघून लोटायला लागली.

"थोरलीचं आहे," तो घाईने म्हणाला. "शेवटचं. टेंपोवाला होता तिच्याजवळ. मला आजच कळलं."

दार तिथेच थांबलं. आतून नानांनी विचारलं, "कोण आहे?" ती बाजूला झाली.

नाना खिडकीशी खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. दाढी छातीवर आली होती, कुणीतरी विंचरलेली. आवाजावरून त्यांनी ओळखलं आणि खाटेवरचा हात उचलून परत ठेवला. त्याने उभ्या उभ्या सांगितलं. फुटपाथ, पाण्याची बाटली, दोन घोट. ती काय म्हणाली ते सांगताना तो थांबला. हे सांगावं की गाळावं, असा विचार मनात आला. मग तेही सांगितलं, तिच्याच शब्दांत: नानांना कुणी सांगू नका एवढ्यात, घाबरतील.

नानांचं तोंड उघडं राहिलं. दाढीच्या आत कुठेतरी ओठ हलत होते. त्यांनी दोन्ही हातांनी खाटेची कड घट्ट धरली आणि श्वास ओढायला लागले, मोठमोठ्याने, पळून आल्यासारखे. जावई पुढे झाला, मग जागीच थांबला.

धाकटी दाराला पाठ लावून उभी होती. पदराचा बोळा तोंडात होता. तो काढून तिने भिंतीलगतची खुर्ची ओढली, त्याच्या पुढ्यात ठेवली. वर्षभरात ती त्याच्याशी पहिल्यांदा बोलली.

"बसा," म्हणाली. "पहिल्यापासून सांगा. त्याने गाडी कुठे उभी केली तिथून."